लिनक्सवर दुसरी हार्ड डिस्क: एफस्टॅबची एक ओळ नीट लिहा

४ टीबीची नवी डिस्क साटा केबलने जोडली की आधी टर्मिनलमध्ये जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवा. डिस्क ३.६टी दिसेल. जागा हरवलेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, ही कमांड १०२४ च्या. आकार आणि मॉडेल ताडून नवी डिस्क ओळखा, ‘एसडीबी’ या नावावर विसंबू नका. पुढच्या बूटला तीच ‘एसडीए’ होऊ शकते.

पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत याची नोंद) जीपीटी प्रकारचंच ठेवा. जुन्या एमबीआर प्रकारात, ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर, साधारण २.२ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. जीपार्टेड या ग्राफिकल टूलमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या युजरसाठी) राखली जाते. सिस्टिमच्या डिस्कवर ती हवीच. पण नुसत्या फोटो-व्हिडिओंच्या डिस्कवर तब्बल २०० जीबी अडकून पडतात! ‘ट्यून२एफएस -एम १’ दिलं की त्यातली बहुतेक मोकळी होते, डेटाला धक्का न लागता.

आता एफस्टॅब, म्हणजे बूटच्या वेळी कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची (माउंट करायची) ते सांगणारी फाइल. ‘बीएलकेआयडी’ने पार्टिशनचा यूयूआयडी (एसडीए-एसडीबी बदललं तरी तोच राहणारा ओळख क्रमांक) काढा आणि ओळ अशी लिहा:

यूयूआयडी=… /डेटा ईएक्सटी४ डीफॉल्ट्स,नोफेल ० २

‘नोफेल’ म्हणजे डिस्क नसली तरी बूट थांबवू नका. ते विसरलात आणि कधी केबल सैल झाली, तर बूट सांभाळणारं सिस्टिमडी ९० सेकंद डिस्कची वाट पाहतं आणि मग डेस्कटॉपऐवजी इमर्जन्सी मोडची काळी स्क्रीन समोर येते. फाइल सेव्ह केल्यावर रीबूट करण्याआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’ चालवाच. टायपिंगची चूक तिथेच पकडली जाते. माउंट झाल्यावर ‘सीएचओन’ने फोल्डरची मालकी स्वतःच्या युजरला द्या. नवी ईएक्सटी४ रूटच्या मालकीची असते, म्हणून कॉपी करताना ‘परमिशन डिनाइड’ येतं.

नोफेलची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. डिस्क माउंट झाली नाही तरी ‘/डेटा’ हा रिकामा फोल्डर असतोच, आणि रूटने चालणारा रात्रीचा बॅकअप गुपचूप सिस्टिमच्या एसएसडीवर ओतला जातो. एसएसडी भरते. डिस्क पुन्हा माउंट झाली की त्या फाइल्स तिच्याखाली झाकल्या जातात, त्यामुळे जागा कोण खातंय ते शोधूनही सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे: पहिल्यांदा माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचॲटर +आय’ लावून ठेवा. मग डिस्क नसताना रूटलाही तिथे लिहिता येत नाही, आणि बॅकअप एरर देऊन थांबतो.