मुलांचे प्रश्न, देवाबद्दलचे

आषाढी जवळ आली म्हणून आज चौथीच्या वर्गात पंढरपूरबद्दल बोलत होते. नामदेव पायरीसमोर, देवळाच्या बाहेर चोखोबांची समाधी आहे, एवढं सांगितलं आणि लगेच एक हात वर. "बाई, बाहेर का? ते तर विठोबाचे लाडके होते ना?"

मी सरळ सांगितलं. जातीमुळे त्यांना आत येऊ देत नव्हते. मंगळवेढ्याला गावाभोवतीची भिंत, म्हणजे कुसू, बांधताना ते कोसळून चोखोबा गेले, ते साल १३३८ मानतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. मग थेट मे १९४७. साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे देऊळ सगळ्यांसाठी उघडलं.

मागच्या बाकावरच्या मुलीने वहीत वजाबाकी केली. "सहाशे नऊ वर्षं! देवाने स्वतः दार का नाही उघडलं?"

वर्ग गप्प. अशा वेळी "असं विचारू नये" म्हणून मुलांना बसवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. ज्या मुलीला देवाकडून एवढी अपेक्षा आहे तिच्यात श्रद्धा नाही कशी म्हणायची? चोखोबांनी, त्यांच्या पत्नी सोयराबाईंनीही अभंगांतून देवालाच जाब विचारलाय. हे सांगितल्यावर ती केवढी खूश झाली!

आणखी एकाने विचारलं, "दार बंद होतं तेव्हा विठोबाला करमत असेल का?" मी त्यालाच विचारलं, तुला काय वाटतं?

"नसेल करमत. तो बाहेरच येऊन बसत असेल, चोखोबांपाशी."