एकाच दुकानाच्या विक्रीचे तीन आकडे: सीसी रिन्यूअलचा माझा अनुभव

आमचं नागपूरला इतवारीत हार्डवेअरचं दुकान आहे, बाबांनी टाकलेलं. मागच्या वर्षी सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी बँक देते ती कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, रिन्यू करायला बँकेत गेलो, साहेबांनी विचारलं सेल किती, बाबा म्हणाले १ कोटी ६ लाख २० हजार, खात्यात जमा दिसत होते १ कोटी ४ लाख ४० हजार अन् पी अँड एलमध्ये, म्हणजे नफा-तोटा पत्रकात, सेल फक्त ९० लाख. फाईल परत आली. बाबा रात्रभर जागे, "आपण काही चुकीचं तं नाही ना लिहिलं रे" हेच विचारून राहिले होते. इतकी वर्षं सचोटीनं धंदा केलेल्या माणसावर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेत सीए सरांकडे बसलो, चांगले तीन तास. सर म्हणाले आधी ग्रॉस सेल पाहा. ९२ लाखाचा माल गेला, त्यातला २ लाखाचा परत आला, त्याच्या क्रेडिट नोटा, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याच्या चिठ्ठ्या, काढल्या, म्हणून नेट सेल ९० लाख. बाबा बिलाची बेरीज सांगत होते, म्हणजे ९० लाखावर १८ टक्के जीएसटी धरून, अन् तो १६ लाख २० हजार आपला नाहीच, गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारात भरायचा, मग विक्रीत कसा धरणार? हे मला आधी कोणी असं समजावूनच सांगितलं नव्हतं.

बँकेतल्या आकड्याला जास्त वेळ लागला. बिलं १ कोटी ६ लाख २० हजाराची, पण गिऱ्हाइकांकडची उधारी ५ लाखानं वाढली, म्हणजे वसूल झाले १ कोटी १ लाख २० हजार. माल दिला, बिल फाडलं की विक्री झाली, पैसे मग दिवाळीला येवोत की होळीला. खात्यात दिसणारे वरचे १ लाख २० हजार जुना टेम्पो विकल्याचे अन् २ लाख दादानं हातउसने दिलेले. टेम्पो ही मालमत्ता, ती विकली म्हणून सेल वाढत नाही.

मग सरांनी शेअर बाजारातल्या एका लिस्टेड कंपनीचा रिपोर्ट उघडून दाखवला. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये हिशेब मांडायचा नमुना दिला आहे, त्याप्रमाणे वर रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स, म्हणजे धंद्यातून आलेलं, त्याखाली अदर इन्कम, व्याज-बीज, अन् दोन्ही मिळून टोटल इन्कम. नुसतं टोटल इन्कम पाहून कंपनीचा माल किती खपला ते कळत नाही, हे तेव्हा डोक्यात बसलं.

तिन्ही आकड्यांचा मेळ एका पानावर लिहून सरांची सही घेतली, बँकेनं तो ठेवून घेतला, लिमिट रिन्यू झाली. आता दर १ तारखेला बाबा अन् मी रजिस्टर घेऊन बसतो, बिलाची रक्कम, जीएसटी, परत आलेला माल, नेट सेल अन् वसुली असे पाच रकाने, बाबा स्वतःच्या हातानं भरतात.