खाली मी मेलो तर वर तुला काय?

शनिवार, रात्रीचे पावणेएक

झोप येत नाहीये. पुतण्यानं दुपारी एक प्रश्न विचारला तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर रोजनिशीला हात लावून महिना तरी झाला असेल.

झालं असं की साडेचारला ईव्ह ऑनलाइनचा, म्हणजे मी खेळतो त्या अंतराळातल्या जहाजांच्या ऑनलाइन गेमचा सर्व्हर रोजच्यासारखा बंद झाला (त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे आपले साडेचार, आणि आमच्याकडे चहा नेमका तेव्हाच होतो, त्यामुळे वहिनीला वाटतं मी चहासाठी गेम सोडून उठतो, तो गैरसमज मी कधी दूर केलेला नाही). चहा घेत व्हॅनगार्ड या ईव्हवाल्यांच्याच नव्या बंदुकीच्या गेमचा व्हिडिओ लावला. पुतण्या बीजीएमआयवाला, मोबाइलवर बंदुका घेऊन पळणारा. माझी स्क्रीन बघून नेहमी म्हणतो काका तू ऑफिसचं एक्सेल घरी आणतोस का, पण आज बंदूक दिसल्यावर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. त्याला सांगितलं की मी जिथे जहाजं उडवतो त्याच विश्वातल्या ग्रहांवर हे लोक पायी उतरून लढतात. मग त्यानं विचारलं, "म्हणजे खाली मी मेलो तर वर तुला काय होणार?"

मी म्हटलं काहीतरी होईल की. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की सीसीपीवाले, म्हणजे ईव्ह बनवणारी कंपनी, 2009 पासून हेच उत्तर देतायत.

2009 ला त्यांनी डस्ट 514 जाहीर केला तेव्हा आम्ही ईव्हवाले नुसते वेडे झालो होतो. खाली शूटर, वर स्पेसशिप, सर्व्हर एकच. खालचा स्क्वॉड लीडर मदत मागणार आणि वर ग्रहाशी डिस्ट्रॉयर, म्हणजे छोटं लढाऊ जहाज घेऊन थांबलेला खराखुरा माणूस तिथून तोफ डागणार. ऐकायला काय भारी वाटतं, आजही वाटतं. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, केलं त्यांनी ते! पण केलं कुठे, तर फक्त पीएस३ वर, म्हणजे प्लेस्टेशनवर. मे 2013 ला गेम आला आणि त्याच नोव्हेंबरात पीएस४ आला. आता ईव्ह खेळणारे आम्ही सगळे पीसीवाले, आमच्या कॉर्पमधे (गेममधला खेळाडूंचा गट) पीएस३ असलेले तिघंच, आणि बाकी ज्यांच्याकडे पीएस३ होता त्यांना ईव्ह कशाशी खातात हे माहीत नाही. दोन घरांमधे दार पाडलं पण इकडच्याला तिकडे काही काम नाही आणि तिकडच्याला इकडचं कुणी ओळखीचं नाही. 30 मे 2016 ला बंद. मग त्याच्या जागी लीजन नावाचा शूटर दाखवला, मग नोव्हा, दोन्ही कधी बाहेर आलेच नाहीत. 2023 पासून व्हॅनगार्ड, लंडनचा स्टुडिओ बनवतोय, आणि यावेळी निदान पीसीवर आहे.

लोक म्हणतात पीएस३ मुळे मेला. अर्धं खरं आहे ते. मला विचाराल तर खरी गोची वेळेची आहे. ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एकदा हिशोब करतो. एकदा! शूटरमधे एका सेकंदात तुम्ही कोपऱ्यावरून वळता, गोळी खाता आणि समोरच्याला शिव्या पण देऊन होतात. त्यात मोठी लढाई झाली की ईव्ह स्वतःचा वेळ सावकाश करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे गेममधली सहा मिनिटं जायला तुमचा अख्खा तास जातो. जानेवारी 2014 ला बी-आर५आरबी नावाच्या तारासिस्टीममधल्या लढाईत असंच झालं, एकवीस तास चाललं ते, पंचाहत्तर टायटन (गेममधली सगळ्यात मोठी जहाजं) गेले, खऱ्या पैशात मोजलं तर तीन लाख डॉलरच्या आसपास. आणि सुरुवात कशानं, तर त्या सिस्टीमचं बिल भरायचं राहिलं. (आमच्या सोसायटीत मेंटेनन्सवरून होतं ते बरं म्हणायचं मग.) आता विचार करा, वर आभाळ दहा टक्के वेगानं हलतंय आणि खाली माझा पुतण्या फुल स्पीडला पळतोय, तो वरून तोफ मागणार, ती येईपर्यंत त्याची मॅच संपून तो जेवून पण येणार.

आणि मरण्याचंही तसंच. तो संध्याकाळभरात वीस वेळा मरतो, हसतो, परत उडी मारतो. माझं जहाज गेलं की गेलं, कुणीतरी खनिज खणलं, कुणीतरी भाग जोडले, मी महिना दोन महिने पैसे साठवले, सगळं एका रात्रीत. मग त्याच्या वीस मिनिटांच्या मॅचवर माझ्या कॉर्पचा दोन वर्षं सांभाळलेला प्रदेश ठरवायचा का? मला नाही पटत. आणि उलट, माझ्या प्रदेशावर काहीच फरक पडणार नसेल तर मग जोडलंयच कशाला, वेगळा शूटर काढा, नाव तेवढं ईव्हचं लावा, कोण नाही म्हणतंय.

तर जोडावं का? जोडावं, पण तोफेनं नाही, बाजारानं. हे मी आज चहा गार होईपर्यंत पुतण्याला समजावत होतो. ईव्हमधली एकच गोष्ट अशी आहे की जिला घाई पण चालते आणि सावकाशी पण, ती म्हणजे मार्केट. तू खाली जी बंदूक घेऊन उतरशील ती वर कुणीतरी बनवलेली असावी, तू मेलास की ती गेली, म्हणजे बनवणाऱ्याला परत काम. तू जिवंत सुटून जे काही वर आणशील ते माझ्यासारखा कुणीतरी विकत घेईल. तुला मी कोण हे कळायची गरज नाही, मला तू कोण हे कळायची गरज नाही, आणि एखाद्या आठवड्यात तुम्ही पोरं परीक्षेमुळे खेळलाच नाहीत तर इथे भाव हलेल. मला तेवढं बास आहे, एक भाव हलला तरी समजेल की खाली माणसं आहेत. व्हॅनगार्ड हा खाली जाऊन, गोळा करून, निसटून यायचा गेम आहे त्यामुळे हे बसू शकतं असं वाटतं. डस्टमधे जिंकणं हरणं होतं, खालून वर आणण्यासारखं फार काही नव्हतं.

पुतण्या म्हणाला, "मग तू बनवलेली बंदूक मला फुकट ना?"

म्हटलं नाही, मार्केटच्या भावानं.

"मग मी बीजीएमआयच खेळतो." गेला उठून.

रात्री लॉगिन केलं आणि उगाच मोल्डन हीथ या ईव्हमधल्या भागातला जुना हँगर उघडून बघितला. डस्टमधली ग्रहांवरच्या जिल्ह्यांसाठीची लढाई तिथेच चालायची. 2013 ला मी दोन कॅटलिस्ट, म्हणजे डिस्ट्रॉयरच, घेतले होते, खालून हाक आली की तोफ डागायची म्हणून. पहिला घेऊन ग्रहाशी चाळीस मिनिटं थांबलो, हाक काही आली नाही, चाचे आले. दुसरा तेव्हापासून स्टेशनातच आहे, आहे तसा, तोफांसकट. पुतण्या पाणी प्यायला उठला होता, मागे उभा राहून बघत होता. म्हणाला विकून टाक ना मग. म्हटलं तिथून बाहेर काढायला जावं लागेल, वाटेत परत तेच चाचे.

"चल जाऊ, मी बघतो मागे कोण येतंय का."

साडेबाराला वहिनीनं लाइट बंद केला. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर अशा चार उड्या झाल्यात, अजून सात राहिल्यात.