कोल्हापूर ते गुलमर्ग: स्कीची पँट निवडताना

कोल्हापुरातून बर्फाला निघालेल्या माणसाच्या बॅगेत हमखास एक वस्तू असते: गाडीवर घालायचा रेनसूट. गगनबावड्याच्या पावसात तो टिकतो, मग बर्फ काय चीज आहे, असा हिशेब. तो चुकतो, कारण रबरी थराच्या पँटमधून बाहेरचं पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही. स्की शिकणारा पहिले दोन दिवस घसरतो कमी आणि आडव्या पावलांनी चढतो जास्त. अर्ध्या तासात थर्मल भिजतं, मग रांगेत उभं राहिलं की तोच घाम मांड्या गार पाडतो.

आधी वाटेबद्दल थोडं. कोल्हापूरहून दिल्ली, तिथून विमानाने श्रीनगर. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. नवा बर्फ पडला असेल तर टंगमर्गला गाडी बदलून चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. पोस्टपेड न्या.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला ३,००० च्या थोडा वर सोडतो, दुसरा अफरवटला ३,९०० च्या पुढे. म्हणजे एकाच दिवसात, एकाच पँटवर, दोन हवामानं. चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या सर्वांत कडक थंडीच्या, चाळीस दिवसांत (२१ डिसेंबर ते ३० जानेवारी) बर्फ पिठासारखा कोरडा असतो. झटकला की पडतो, तेव्हा तिथे घाम बाहेर जाणं महत्त्वाचं. मार्चमध्ये सकाळी तोच बर्फ काचेसारखा कडक आणि दुपारनंतर ओला गिच्च. तेव्हा बुडाखालून पाणी शिरतं.

लेबलवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये: कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. १०,००० म्हणजे दहा मीटर पाणी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ६० किलोचा माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि टेकलेली जागा ५० चौरस सेंटीमीटर धरली, तर दाब दर चौरस सेंटीमीटरला १.२ किलो होतो, म्हणजे १२ मीटर पाण्याएवढा. नवशिका दिवसभर गुडघ्यावर आणि बुडावर असतो. म्हणून जानेवारीला १०,००० पुरे, मार्चला १५,००० ते २०,००० बघा. जो सर्वांत जास्त पडणार त्यालाच लोक सर्वांत स्वस्त पँट देतात, हे उलटं आहे.

दुसरा आकडा ग्रॅममध्ये: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर पडते. १०,००० च्या खाली जाऊ नका. मात्र प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी, त्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मांडीला आतून चेन आहे का ते बघा. चढताना ती उघडली की कापडातल्या वाफ सोडणाऱ्या कुठल्याही थरापेक्षा जास्त हवा खेळते. खाली घसरण्याआधी बंद करायची, नाहीतर पडल्यावर चेनमागच्या जाळीत बर्फ भरतो.

शिलाईवर आतून पाणी अडवणारी पट्टी सगळीकडे हवी. फक्त मोक्याच्या जागी चिकटवलेली असेल तर बुडाची शिलाई उलटून तपासा.

घरी काय तपासता येतं? जाड टॉवेल पाण्यात भिजवून घडी करा, त्यावर पँट घालून दहा मिनिटं बसा. आत ओल आली तर परत करा. पण जुलैत पन्हाळ्यावर घालून “ही श्वास घेत नाही” असा निकाल देऊ नका. बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, तेव्हा आतली वाफ जाणार कुठे? कोरड्या थंडीत तीच पँट चांगली चालते.

माप घेताना शेतातले गमबूट चढवा. स्कीचे बूट त्याहून जाड असतात, म्हणून पायाचा घेर मोकळा हवा. उकिडवं बसल्यावर कंबर मागून उघडी पडली तर खांद्यावरून पट्टे जाणारी पँट घ्या. लांबी शिंप्याकडून कापून घेऊ नका: बुटावर चढणारा आतला लवचिक घेर जातो आणि सुईच्या भोकांतून पाणी येतं. तो घेर बुटाच्या बाहेरून चढवायचा. बुटात फक्त एक मोजा जातो, थर्मलची कडसुद्धा नाही, नाहीतर नडगीला वळ उठतो.

आत जाड उबदार भरण असलेली पँट आम्ही सुचवत नाही. नुसता बाहेरचा थर, आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल आणि अफरवटला जायचं त्या दिवशी मध्ये पातळ फ्लीस. सुती काहीच नको, जीन्स तर नकोच.

रात्री पँट बुखारीजवळ (खोली तापवायची काश्मिरी शेगडी) वाळत घालू नका. नायलॉन आकसतं, पट्टी सुटते. खोलीत दांडीवर, चेन उघड्या ठेवून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्याचे थेंब ओघळायचे थांबून कापड काळपट दिसू लागलं की लोक म्हणतात, गळतेय. बहुतेक वेळा गळत नसते. कापडावरचा पाणी झटकणारा लेप मळला की कापड पाणी पितं, वाफेची वाट अडते आणि आतली ओल घामाची असते. घरी आल्यावर सौम्य द्रव साबणाने धुवा, सॉफ्टनर टाळा, दोनदा खळबळून काढा. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर मंद इस्त्री फिरवा, लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब टिकले नाहीत तर लेपाचा स्प्रे मारा.

घोट्याशी आतल्या बाजूला स्कीची धार लागून कापड फाटतं. चिकटपट्टीचा तुकडा बरोबर ठेवा आणि त्याचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा संध्याकाळपर्यंत सुटतो.