टेनर डायरी : ‘लॅझरस’च्या मागे सात आठवडे

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती, की गणपतीच्या आत डेव्हिड बोवीच्या ‘लॅझरस’ या गाण्यातला डॉनी मॅककॅस्लिनचा शेवटचा सॅक्सोफोन सोलो माझ्या टेनर सॅक्सवर बसवते. ती आधी मागे घेते. सोलो बसलेला नाही. सुरुवातीचे लांब, मंद सूर मात्र आता बऱ्यापैकी लागतात. ते सोपे असतील असं समजून मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि सातातले पाच आठवडे त्यांनीच खाल्ले.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. मॅककॅस्लिन कॅलिफोर्नियाचा, जन्म १९६६. व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या क्विंटेटमध्ये वाजवला, पुढे स्टेप्स अहेड या बँडमध्ये नावाजलेला टेनरवादक मायकल ब्रेकरच्या जागी उभा राहिला. टेनरवाल्याला याहून अवघड जागा सापडणं कठीण. २०१२च्या ‘कास्टिंग फॉर ग्रॅव्हिटी’ या अल्बमपासून त्यानं इलेक्ट्रॉनिक संगीत जॅझमध्ये ओढायला सुरुवात केली. २०१५च्या ‘फास्ट फ्यूचर’वर तर अ‍ॅफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराची एक रचना आहे. मशीनवर रचलेला तो ताल ड्रमर मार्क गिलियाना हातापायांनी वाजवतो. मी ढोलकीच्या घरातली, तरी पहिल्यांदा ऐकताना सम शोधता शोधता दमले.

जून २०१४मध्ये मॅककॅस्लिनची चौकडी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘५५ बार’ या तळघरातल्या छोट्या अड्ड्यावर वाजवत होती. जॅझ संगीतकार मारिया श्नायडरनं नाव सुचवलं म्हणून ब्रिटिश रॉक गायक बोवी ऐकायला आला. जानेवारी २०१५मध्ये सगळे मॅजिक शॉप स्टुडिओत जमले, आणि ८ जानेवारी २०१६ला, बोवीच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, ‘ब्लॅकस्टार’ हा अल्बम आला. ‘लॅझरस’ त्यातलंच. दोन दिवसांनी बोवी गेला. रॉक अल्बमसाठी त्यानं रॉकचे वादक न घेता एक चालता जॅझ बँड अख्खा उचलला. (बोवीचं स्वतःचं पहिलं प्रेम सॅक्सच. लहानपणी तो सॅक्सवादक रॉनी रॉसकडे शिकायला जायचा. तोच रॉस पुढे लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’च्या शेवटी बॅरिटोन सॅक्स वाजवतो.)

आता माझा रियाज. पहिले दोन आठवडे नुसते ओव्हरटोन, म्हणजे बोटं न हलवता एकाच सुरातून निघणारे वरचे सूर. बोटं खालच्या बी फ्लॅटवर, आणि फक्त घसा नि जीभ हलवून वरचा बी फ्लॅट, मग एफ, पुन्हा बी फ्लॅट, मग डी. अल्टिसिमोची, म्हणजे सॅक्सच्या नेहमीच्या पट्टीपलीकडच्या वरच्या सुरांची वाट इथूनच जाते. सॅक्स कपड्यांच्या उघड्या कपाटात तोंड खुपसून वाजवते. घंटेत, म्हणजे सॅक्सच्या पसरट तोंडात, मोजे कोंबू नका, काही उपयोग नाही. आवाज सगळ्या भोकांमधून बाहेर पडतो, फक्त तळाचे एकदोन सूर बिघडतात. वरचा जी रोज लागायला लागला, ए चारात एकदा. मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात गाण्याबरोबर वाजवायला घेतलं. मूळ ए मायनर, म्हणजे आपल्या टेनरवर बी मायनर. वेग सत्तर टक्क्यांवर. आणि खालचे सूर हळू वाजवायला गेले की सॅक्स गुरगुरायचा. डी ठीक. सीपासून डगमग. बी आणि बी फ्लॅटवर सरळ भकभक. जोरात फुंकलं की सूर येतो, पण जोरात फुंकलं की बोवी बुडतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात विचारलं, “अगं, नवीन पंप बसवलात का?” अल्टिसिमोच्या किंकाळ्यांबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

दीड आठवडा मी ओठांना दोष दिला. तीन नंबरची रीड (फुंकताना थरथरणारी पट्टी) काढून अडीचची, थोडी मऊ, लावली, जबडा सैल सोडला, खालचा ओठ किंचित मागे घेतला. फरक पडला, पण भकभक गेली नाही. मग एकदाची ती जुनी चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती : खालचा डी धरायचा आणि डाव्या करंगळीनं जी शार्पची की (बटण) दाबायची. सूर बदलता कामा नये. माझा सूर पार कोसळला.

माळ्यावरच्या मखराच्या खोक्यातून एलईडीची माळ काढली, दिवे घालवले, माळ नळीत सोडली. जी शार्पच्या पॅडखाली, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीखाली, प्रकाशाची बारीक कोर. हवा तिथून गळत होती. कारण साधं आहे : खालच्या सी शार्प, बी, बी फ्लॅटच्या कीज दाबल्या की जी शार्पची कीही सोबत दबते. तेव्हा ते पॅड मिटलेलं ठेवण्याचं काम उजव्या हाताच्या कीजवरची एक छोटी दांडी करते. त्या दांडीवरचा स्क्रू सैल झाला होता. पाव फेरा आवळला. जास्त आवळाल तर एफ शार्प नीट मिटत नाही, तेव्हा जपून.

त्यानंतर सबटोन, म्हणजे हलका, श्वासभरला सूर. लाँग टोन (एकच लांबवलेला सूर) वाजवून हवा इतकी कमी करायची की सुरापेक्षा श्वास जास्त ऐकू यावा. तिथे सूर उतरतो, माझा तर चांगलाच. ट्यूनर समोर ठेवून रोज वीस मिनिटं. फोनवर रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा आणखी एक खोड कळली : बोवीची ओळ संपायच्या आधीच मी घुसत होते. मॅककॅस्लिन घुसत नाही. ओळ संपू देतो, मग येतो. सोलो उतरवून घेणारे आपण सगळे त्याच अल्बमवरच्या ‘’टिज अ पिटी’मधल्या बेफाम सॅक्सच्या मागे लागतो. माझं मत विचाराल तर मॅककॅस्लिनचा प्रयोगशीलपणा तिथे जेवढा दिसतो तेवढाच इथे आहे. एवढी ताकद असलेला माणूस पॉप गाण्यात किती दाबून वाजवतो ते ऐका. आणि म्हणूनच शेवटी बोवीचा आवाज थांबल्यावर तो सुटतो, तेव्हा अंगावर येतो.

शेवटच्या सोलोचे पहिले आठ बार (आवर्तनं) साठ टक्के वेगात जमतात. पुढे बोटं अडखळतात. ते आता दिवाळीनंतर.

सुरुवातीचे चाळीस सेकंद मात्र काल पूर्ण वेगात रेकॉर्ड केले. एकतिसाव्या सेकंदाला दमट हवेनं चिकटलेलं जी शार्पचं पॅड सुटल्याचा ‘चप्’ स्पष्ट ऐकू येतो. पुन्हा घेतलं नाही, काकूंची झोपायची वेळ झाली होती.