एच ३०/२६ आर

फोटो हातात आला की आधी उलटा करून मागची बाजू वाचायची, ही खोड मला इंग्लंडातल्या बसवेड्यांनी लावली. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं, गाडीचा नंबर, चेसिस म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा कुणाचा, बॉडी कुणी बांधली, ठिकाण, तारीख, आणि शेवटी ‘एच ३०/२६ आर’ असलं काहीतरी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो कुणाचा तरी रक्तगट वाटला होता. अर्थ साधाच निघाला. एच म्हणजे पूर्ण उंचीची दुमजली गाडी, वर ३० जागा, खाली २६, आणि आर म्हणजे चढायची उघडी जागा मागे. लंडनची जुनी आरटी बस अशी होती. तिच्यामागून आलेली रूटमास्टर एच ३६/२८ आर. आठ माणसं जास्त बसू लागली, हे सांगायला एक शब्दसुद्धा खर्च झाला नाही.

मी राहते त्या मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, उन्हाळा लागला की रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर जुन्या बसगाड्या ओळीने उभ्या राहतात. एका बाजूला चहाचा तंबू, दुसऱ्या बाजूला टेबलं, आणि टेबलांवर बुटांच्या खोक्यांत गावांच्या नावानं लावून ठेवलेले हजारो फोटो. पाठीवर सॅक टाकलेले सत्तरीचे गृहस्थ ते दोन बोटांनी भराभर चाळत असतात. बोलत कुणी नाही. बायका फारशा नसतात. चहा देणाऱ्या असतात, आणि मी असते.

सुरुवातीला मला सगळे फोटो सारखेच वाटायचे, आणि त्यात माझी चूक नव्हती. ते सारखेच असतात. गाडी थांबलेली, समोरचा भाग आणि डावी बाजू एकदम दिसेल अशा कोनातून टिपलेली, ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, वरची पाटी स्वच्छ वाचता येणारी. मध्ये दिव्याचा खांब नाही. आणि माणूस तर नाहीच नाही. याला कारण आहे. पन्नासच्या दशकात शाळकरी पोराच्या हातात खोक्यासारखा साधा कॅमेरा असायचा. त्याचं शटर इतकं मंद की धावती बस नुसती फराट्यासारखी उमटे. म्हणून पोरं डेपोच्या फाटकाशी आणि शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहत. एका रोलवर जेमतेम आठ फोटो, आणि रोल खाऊच्या पैशांतून आणलेला. मग प्रवासी चढून होईपर्यंत, पिशवीवाल्या बाई बाजूला होईपर्यंत, ढग सरेपर्यंत थांबायचं आणि श्वास रोखून खटका दाबायचा. आताच्या पोरांची गंमत उलटी आहे. नव्या गाड्यांवरच्या एलईडी पाट्या फडफडत असतात, त्यामुळे शटर जलद ठेवलं तर फोटोत अर्धीच अक्षरं येतात. तेव्हा ज्या मंदपणाला शिव्या घालायचे, तो आता मुद्दाम लावावा लागतो.

एकदा डोळा सरावला की फोटोत इतर गोष्टी दिसू लागतात. लंडनच्या रस्त्यावर बसच्या डोक्यावर दुहेरी तारा दिसल्या तर फोटो मे १९६२ च्या आधीचा, कारण त्या तारांच्या विजेवर चालणारी ट्रॉलीबस तेव्हा बंद झाली. मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या आणि दिव्यांवर झाकणं असली तर युद्धकाळ. ब्लॅकआउटमध्ये लोकांना अंधारातून येणारी गाडी निदान कडेने तरी दिसावी म्हणून तो रंग. नंबरप्लेटच्या शेवटी वर्षाचं अक्षर असलं तर १९६३ किंवा त्यानंतरची गाडी. या खुणांवरून दोन म्हातारे पाऊण तास वाद घालू शकतात. त्यांचा आवाज चढत नाही, फक्त ‘मला वाटतं तुम्ही जरा पुन्हा पाहावं’ हे वाक्य जास्त जास्त थंड होत जातं.

रंगाचा वाद तर आणखी मजेचा, कारण फोटो कृष्णधवल असतो. बर्मिंगहॅमची गाडी गडद निळी आणि साय रंगाची, एडिनबराची मंजिष्ठासारखी तांबडी आणि पांढरी, बोर्नमथची फिकट पिवळी, ग्लासगोची नारिंगी, हिरवी आणि साय रंगाची. ब्रायटनकडच्या साउथडाउन कंपनीचा कच्च्या सफरचंदाचा हिरवा ज्यांनी लहानपणी पाहिला, त्यांना दुसरा कुठलाही हिरवा हिरवा वाटतच नाही. पुढे सरकारी नॅशनल बस कंपनी आली आणि १९७२ पासून इंग्लंड-वेल्समधल्या तिच्या बसगाड्यांना लाल आणि हिरवा असे दोनच ठराविक रंग फासले गेले. पन्नास वर्षं उलटली, तरी त्या निर्णयाचा विषय निघाला की चहाचे कप टेबलावर जरा जोरात ठेवले जातात. मला विचाराल तर तो लाल काही वाईट नव्हता. पण हे मी त्या मैदानावर बोलत नाही.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी ठेवलेल्या नावांत मात्र थोडी मौज होती. लेलँडवाले एकमजली गाड्यांना प्राण्यांची नावं देत: लायन, टायगर, लेपर्ड, पँथर. एईसीचा हट्ट असा की बसचं नाव ‘आर’वरूनच सुरू झालं पाहिजे: रीगल, रीजंट, रिलायन्स, रिनाउन. सिंह विरुद्ध राजा अशी ही लढाई लेलँडचं लँकेशायर आणि एईसीचं लंडनजवळचं साउथॉल यांच्यात चालली, आणि १९६२ मध्ये सिंहाने राजाला विकत घेतलं.

हे सगळं आकड्यांचं आणि खुणांचं बोलणं किती वेळ चालू द्यायचं, हे आता मला कळतं. घाई करायची नाही. गृहस्थ आधी गाडीचा नंबर सांगतात. मग इंजिन. मग गिअरबॉक्स कसा गाणं म्हणायचा ते, प्रसंगी तोंडाने आवाज काढून. आणि त्यानंतर, बहुतेक वेळा फोटोवरची नजर न काढता, एखादं वाक्य येतं: ‘हिच्यावर माझे वडील कंडक्टर होते.’ किंवा ‘मी आणि बायको पहिल्यांदा हिच्याच वरच्या मजल्यावर बसलो.’ हे वाक्य इंजिनाच्या आधी कधीच येत नाही. आपल्याकडे वडिलांचा विषय काढायला निदान श्राद्धपक्ष तरी असतो. या लोकांना त्यासाठी एक गार्डनर डिझेल इंजिन लागतं.

आणि एकदा वाट मोकळी झाली की काय काय निघतं! बुटक्या दुमजली बसची गोष्ट मी अशीच ऐकली. रेल्वेच्या कमानी कमी उंचीच्या, त्यांखालून दुमजली गाडी जावी म्हणून १९२७ च्या लेलँड टायटनमध्ये एक युक्ती होती. वरच्या मजल्यावरची चालायची वाट मधोमध न ठेवता उजव्या कडेला, खोल खड्ड्यासारखी ठेवायची, आणि चार-चार माणसांचे बाक करायचे. गाडी फूटभर बुटकी झाली. पण वरची ती वाट खालच्या मजल्यावर उजवीकडे बसलेल्यांच्या नेमकी डोक्यावर यायची. उठताना डोकं सांभाळा, अशी सूचना समोर लिहिलेली असे, आणि ती वाचूनही लोक रोज डोकं आपटून घेत. वर भिंतीशी बसलेल्याला उतरायचं असलं की तीन जणांनी उठायचं, आणि कंडक्टरने चौथ्याचे पैसे वाकून घ्यायचे. ब्रिस्टलच्या कारखान्याने पुढे लोडेका काढली, चेसिसच खाली घेतलं, आणि वाट पुन्हा मधोमध आली. कपाळावरची टेंगळं गेली. सांगणाऱ्याच्या आवाजात त्याचंही थोडं दुःख होतंच.

कंडक्टरच्या घंटीची भाषा मला शिकावी लागली नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीत डबल बेल ऐकत वाढलेल्या माणसाला हे कुणी वेगळं सांगायला नको. तीन म्हणजे गाडी भरली, आता थांब्यावर थांबू नकोस. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीवर दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. हे सांगितलं तेव्हा एक जुने कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी सगळी नोकरी गळ्यात तिकिटाचं यंत्र अडकवून एकट्याने जिना चढउतार करण्यात काढली होती. गुडघे गेले ते त्यामुळेच, म्हणाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, आणि तीही बेडफर्ड, म्हणजे इंग्लिश बनावटीची होती, हेही मी ऐटीत सांगितलं. त्यावर त्यांचा लगेच प्रश्न: ‘जागा किती?’ तीस, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

या बसवेड्यांमध्ये काही कथा सगळ्यांना पाठ असतात. ३० डिसेंबर १९५२ च्या रात्री ७८ नंबरची बस लंडनच्या, जहाजांसाठी मधून उघडणाऱ्या टॉवर ब्रिजवर असतानाच पूल उघडू लागला. ड्रायव्हर अल्बर्ट गंटरने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर दाबला आणि प्रवाशांसकट गाडी पलीकडच्या भागावर उडवली. बक्षीस मिळालं १० पौंड. त्या उडीचा फोटो नाही. उलट ऑक्टोबर १९४० मध्ये लंडनमधल्या बॅलमच्या रस्त्यात बॉम्बने पडलेल्या प्रचंड खड्ड्यात ८८ नंबरची बस अंधारात जाऊन कोसळली, तिचा फोटो जगभर गेला. त्या फोटोचा कोन कुणी ठरवलेला नव्हता, आणि माणसं त्यात आहेत.

माणसं नसलेल्या फोटोंचं मला कधी कधी अवघडही वाटतं. ब्रिस्टलचं खोकं चाळताना तर हमखास. १९६३ सालच्या हिरव्या लोडेका, धुऊन पुसून उभ्या, नंबर स्पष्ट, ऊन पाठीशी. फोटोत काही म्हणजे काही खोटं नाही. पण त्या वर्षी त्या शहराच्या बस कंपनीत गोऱ्या नसलेल्या माणसाला ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून घेत नसत, आणि तिथल्या कामगार संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. गाय बेली या जमैकातून आलेल्या तरुणाला मुलाखतीच्या दारातूनच परत पाठवलं. पॉल स्टीव्हनसन आणि त्यांच्या सोबत्यांनी एप्रिलच्या अखेरीस बसवर बहिष्कार पुकारला. लोक पायी गेले, सायकलवर गेले, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. २८ ऑगस्टला कंपनी नमली. सप्टेंबरात शहराचा पहिला गोरा नसलेला कंडक्टर कामावर रुजू झाला, तो पगडीवाला शीख, रघबीर सिंग. म्हणजे त्या उन्हाळ्यात ज्या पोराने डेपोच्या फाटकाशी उभं राहून रस्ता रिकामा होण्याची वाट पाहिली, त्याला तो थोडा लवकर रिकामा मिळाला असेल. मी हे एकदा एका गृहस्थांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ फोटो पाहत राहिले आणि म्हणाले, ‘खरंय. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मला फक्त नंबर दिसत होते.’ मग त्यांनी फोटो उलटून मागची तारीख पुन्हा वाचली.

फोटोने भागत नाही ते लोक गाडीच विकत घेतात. हे वेड १९५६ पासूनचं तरी आहे. त्या वर्षी काही तरुणांनी लंडनची टी ३१, म्हणजे १९२९ ची एईसी रीगल, पैसे जमवून घेतली. ती आज ब्रुकलँड्सच्या बस संग्रहालयात आहे. नंतर कुणी यॉर्कशायरच्या भंगारवाल्यांकडून गाड्या सोडवल्या, कुणी शेतात कोंबड्यांचं खुराडं झालेली बस ओढून आणली. आतला लाकडी सांगाडा कुजलेला, इंजिन बेपत्ता. वीस वर्षं दर शनिवारी कुठल्यातरी गोठ्यात काम चालतं. घरच्यांना काय वाटतं ते विचारू नये. आणि एवढं करून गाडी न्यायची कुठे, तर इंबरला. सॉल्झबरीच्या पठारावरचं हे गाव १९४३ मध्ये सैन्याच्या सरावासाठी रिकामं केलं ते कायमचंच. २००९ पासून उन्हाळ्यातल्या एका दिवशी वॉर्मिन्स्टरहून तिथे जुन्या बस सोडतात. ज्या गावात कुणी राहत नाही, तिथली बस तुडुंब भरलेली असते.

मुंबईत बेस्टची शेवटची जुनी दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली, मरोळ डेपोची, ४१५ नंबरची. हार, फुगे, गर्दी. तिचे फोटो मी इथल्या दोन-तीन जणांना मोठ्या कौतुकाने दाखवले. त्यांनी चष्मा सारखा करून पाहिले, आणि पंचाईत झाली. एकाही फोटोत बस पूर्ण दिसेना. प्रत्येक फोटोत पुढे कुणीतरी हसत उभं. कुणी कंडक्टरच्या खांद्यावर हात टाकलेला, कुणी लेकराला मागच्या खांबाला धरून उभं केलेलं. नंबरप्लेटवर झेंडूचा हार. ‘बॉडी कुणाची आहे?’ एकाने हताश होऊन विचारलं.

त्या दिवशी टेबलाखाली एक वेगळं खोकं दिसलं. यावर गावाचं नाव नव्हतं. वरच्या खोक्यातला फोटो एक पौंडाला, हे मात्र पौंडाला पाच. का म्हणून विचारलं, तर विक्रेता म्हणाला, ‘ते बिघडलेले. कुणीतरी मध्ये आलंय.’ मी मांडी घालून खालीच बसले. एकात घाईने बस पकडणारी बाई, तिच्या टोपीने गाडीचा अख्खा नंबर झाकलेला. एकात शाळेची पोरं दात दाखवतायत. एकात कंडक्टर, गाडीच्या मागच्या उघड्या जागेवर एक पाय ठेवून, फोटो काढणाऱ्या पोरावर बहुधा ओरडतोय. मी दहा निवडले. विक्रेत्याने ते मोजले आणि माझी दया येऊन अकरावा वर फुकट टाकला. त्यात बस नव्हतीच, नुसता एक माणूस होता. मागे मात्र पेन्सिलीने जागा, तारीख आणि एच ३०/२६ आर.