तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या अल्टोत आधी काय बदलायचं?

प्रश्न साधारण असा येतो: 'दहा-बारा वर्षांची अल्टो घेतली आहे. पिकअप कमी वाटतो, रात्री दिवे मिणमिणतात, खड्ड्यात गाडी आपटते. स्पोर्ट एअर फिल्टर, एलईडी आणि मोठे टायर टाकले तर फरक पडेल का?'

पडेल, पण बराचसा खिशाला. या तिन्ही तक्रारी झिजेच्या आहेत, गाडीच्या घडणीतल्या नाहीत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ताकदवान कधीच नव्हतं, पण गाडीचं वजनही सातशे-सव्वासातशे किलोच आहे. धडधाकट अल्टो चार माणसं घेऊन घाट चढते. चढत नसेल तर काहीतरी बिघडलंय, आणि ते शोधायच्या आधी नवीन सामान लावणं म्हणजे बिघाड झाकणं. म्हणून आधी गाडी मूळ पदावर आणायची. त्यानंतर करण्याजोगे बदल दोन-तीनच उरतात.

इथे बोलतोय ते २००० साली आलेल्या अल्टोबद्दल आणि २०१२ नंतरच्या अल्टो ८०० बद्दल. अल्टो के-१० चं इंजिन ९९८ सीसीचं, त्यात टायमिंगसाठी, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवायला, चेन असते. ७९६ सीसीच्या इंजिनात रबरी पट्टा असतो, आणि सुरुवात तिथूनच करायची. 'मागच्या मालकाने बदललाय' याला बिल नसेल तर बदललेला नाही असं धरा. पट्टा वयानेही मरतो, त्यामुळे 'गाडी फक्त चाळीस हजार चाललीय' हे उत्तर होत नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) बदला आणि पट्ट्याच्या मागचे क्रँक व कॅमचे ऑइल सील बघा. सीलमधून तेल झिरपत असेल तर नवा पट्टाही लवकर फुगून खराब होतो, आणि तेवढ्यासाठी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

इंजिन ऑइल फिल्टरसकट बदला. तीन लिटरचा डबा पुरतो, थोडं उरतंही. सगळं ओतून मोकळं होऊ नका, शेवटचं डिपस्टिक बघत घाला. ग्रेड पुस्तकात दिली आहे तीच. विकताना इंजिनाची टिकटिक लपवायला जाड तेल घालायची युक्ती जुनी आहे. योग्य ग्रेड घातल्यावर आवाज वाढला तर गाडीने खरं सांगितलं असं समजा. गिअर ऑइलकडे कुणी बघत नाही. तेही एकदा बदला.

आता कूलिंग. जुन्या छोट्या गाड्यांची इंजिनं बहुतेक इथेच जातात. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. आत विटकरी पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. ते पूर्ण काढा आणि किती निघालं ते मोजून ठेवा. साधं पाणी भरून गाडी गरम होईपर्यंत चालवा, हीटरचा नॉब गरमवर ठेवा, थंड झाल्यावर ते पाणीही काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. शेवटी झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्या, बुडबुडे थांबेपर्यंत, कारण आत हवा अडकली तर काटा नॉर्मल दाखवत असतानाही हेड तापतं.

याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप, जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे गाडी एकदा तापली की बरेच मेकॅनिक तो काढून टाकतात. 'इथल्या हवेत लागत नाही' हे त्याचं ठरलेलं कारण. लागतो. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि मूळ दोष तसाच राहतो: चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा दाब न धरणारं झाकण. झाकण सगळ्यात स्वस्त, तेच आधी बदला. होज (रबरी पाइप) दाबून बघा. कडक झालेला, भेगा पडलेला किंवा क्लिपजवळ फुगलेला असेल तर नवा.

पिकअपची तक्रार यानंतर. एअर फिल्टर नवा घाला, पण कंपनीच्या डब्यातलाच. उघडा कोनवाला फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलं तेल असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. एनजीकेच्या प्लगच्या नंबरात शेवटी ११ असेल तर गॅप (टोकांमधली फट) १.१ मिमी, तो फीलर गेजने तपासा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनरने पुसून घ्या. आयडलला (उभ्या गाडीत इंजिन चालू असताना) गाडी थरथरण्याचं अर्धं कारण तिथली काजळी असते, उरलेलं अर्धं इंजिन माउंटिंगचं बसलेलं रबर. तीन सिलिंडरचं इंजिन मुळात थोडं थरथरतंच, पण आरसा हलून मागचं दिसेनासं व्हायला नको.

तरी ओढत नसेल तर क्लच बघा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. मग गाडी जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवा. अडकून फिरणारं चाक म्हणजे जाम झालेला कॅलिपर पिन किंवा जास्त आवळलेला मागचा ड्रम. कित्येक 'मंद' गाड्या ब्रेक लावूनच पळत असतात. सगळ्यात शेवटी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेजने मोजणं. इंजिन गरम, प्लग तिन्ही बाहेर, पेट्रोलचा पुरवठा बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एकाच आकड्यावर भाळू नका. तिन्ही सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर इंजिनाचं काम आहे, आणि त्या गाडीवर इतर खर्च सध्या नको.

खड्ड्यातल्या आपटण्याला शॉकॲब्सॉर्बर जबाबदार असतोच असं नाही. बारीक खड्ड्यांवर खडखड येते ती बहुधा पुढच्या लोअर आर्मच्या बुशची (रबरी गादीची) किंवा बॉल जॉइंटची. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद वळणाऱ्या चाकाला पोचवणारा सांधा. त्याचं रबरी बूट फाटलंय हे वेळेत दिसलं, तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं, नाहीतर अख्खा जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. बुश बदलताना बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर, चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि सहा महिन्यांत फाटतं. ही एक सूचना बिलातले बरेच पैसे वाचवते आणि ती द्यायला काही पडत नाही. त्यानंतर अलाइनमेंट. आधी केली तर वाया.

टायर किती झिजलेत याच्याआधी किती जुने आहेत ते बघा. बाजूवर लंबगोलातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असूनही कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. मूळ माप १४५/८० आर १२, उंची साधारण ५३७ मिमी. तेरा इंची रिमवर जायचंच असेल तर १५५/६५ आर १३ ची उंची ५३२ मिमी येते, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये एका टक्क्याचा फरक. याहून रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज घटतं आणि कमानीला घासण्याची भीती. रिम घेताना समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. चार बोल्टांच्या रिममध्ये १०० आणि ११४.३ मिमी अशी दोन मापं सर्रास मिळतात. दुकानदार 'बसेल' म्हणतो म्हणून घेऊ नका.

आता दिवे. हा एक बदल मात्र मनापासून करावा असा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. जुन्या गाडीत बारीक वायर, काळवंडलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग मिळून तेवढं व्होल्टेज सहज खातात. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या होल्डरवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर अर्थिंगचे बोल्ट काढून, पत्रा घासून, पुन्हा आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

दोन रिले घ्या, एक लो बीमचा, एक हायचा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत १५ ॲम्पिअरचा फ्यूज, तिथून अडीच स्क्वेअर मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बकडे, आणि मूळ होल्डरची वायर ८५-८६ ला. मात्र त्याआधी टेस्ट लॅम्पने बघा की गाडीचा स्विच प्लस तोडतो की मायनस. मायनस तोडणारी जोडणी असेल तर बाजारातलं नेहमीचं किट जसंच्या तसं चालत नाही, आणि वायरमन मग 'किट खराब आहे' म्हणून नवं आणायला लावतो. बल्ब ६०/५५ वॉटचेच ठेवा. १००/९० ने होल्डर वितळतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो आणि आपल्या रस्त्यावर डाग पडतात. शेवटी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा. लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली यायला हवी.

इतर बदलांपैकी हॉर्नला रिले, दारांना नवं बीडिंग आणि दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (थरथर आणि आवाज दाबणारी) हे चालण्यासारखे. शीट लावताना दाराच्या तळाची पाण्याची भोकं बुजवू नका, कोकणात एका पावसाळ्यात दार खालून कुजतं. मॅट उचलून फ्लोअर दाबून बघा, बॅटरीच्या ट्रेखालीही. गंजावर अंडरकोटिंग मारलं तर गंज आत सुखाने वाढतो. आधी घासायचा, प्रायमर द्यायचा, मग कोटिंग. स्पेसर, कापलेली स्प्रिंग, मोकळा सायलेन्सर यांच्या वाटेला जाऊ नये. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर घट्ट बसत नाही, आणि पुढची चाकं त्याच जागेवर वळत असतात.

पेट्रोलच्या रबरी पाइपांवर वेगळी नजर हवी. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतचे पाइप वाकवून बघा, भेग किंवा चिकटपणा दिसला तर इंजेक्शनच्या दाबाला चालणारे पाइप आणि नवे क्लिप. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नका.

आणि हे सगळं काम काढण्याआधी आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी पासिंग. त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून दहा हजार, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. वर्षभरात पासिंग येणार असेल तर गंजाचं काम, ब्रेक आणि दिवे त्याच्या महिनाभर आधी उरका, म्हणजे एकाच खर्चात तपासणीही निघते. रंग बदलायचा विचार असेल तर आरटीओची परवानगी रंगाऱ्याकडे जायच्या आधी घ्या.